बिदागी ते वेतनश्रेणी

विद्यापीठातून गवई निघत नाही, हे वाक्य संगीताच्या वर्तुळात इतक्यांदा कानावर पडतं की ते खरं की खोटं हे कुणी तपासतही नाही. मैफलीच्या मध्यंतरात चहाचा कप हातात आला की कुणीतरी ते टाकतं, बाकीचे माना डोलावतात, आणि त्याच घोळक्यात उभा असलेला एखादा संगीताचा प्राध्यापक कसनुसं हसून दुसरीकडे बघतो. त्याची बाजू घ्यावी असं मला बऱ्याच दिवसांपासून वाटतंय. तो फार थोर असतो म्हणून नव्हे, त्यांतले कित्येक सुमारच असतात. पण गवई घडवण्याचं काम या पदावर सोपवलं कुणी आणि कधी? पदाची वंशावळ चाळली तर भलतंच काही हाती लागतं.

दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी हे पद नव्हतंच. गाणं शिकवणारे होते, पण शिकवणं हा त्यांचा धंदा नव्हता. धंदा गाण्याचा, चाकरी दरबाराची, आणि शिकवणं मर्जीवर. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी वासुदेवबुवा जोशींकडून घेतली आणि ती इकडे महाराष्ट्रात आणली. त्या शागिर्दीच्या जगात पाणी भरणं, भांडी घासणं, गुरूचे पाय चेपणं हे तालमीचंच अंग मानलं जाई. शिक्षण किती वर्षांत पुरं होईल हे कुणी सांगत नसे, कारण ते पुरं होतं अशी कल्पनाच नव्हती. गुरूला लहर आली तर पहाटे चारला तालीम, नाही आली तर महिनाभर नुसती खिदमत. फी नव्हती, पण फुकट मात्र काहीच नव्हतं. बैठकीला बिदागी मिळे, सणासुदीला शालजोडी. शिकवण्याचे वेगळे पैसे मागावेत असं कुणाच्या डोक्यातही आलं नसतं.

या व्यवस्थेला पहिली खीळ बसली ती बडोद्यात. तिथे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी ‘कलावंत कारखाना’ नावाचं दरबारी खातंच होतं, आणि सयाजीराव गायकवाडांच्या शिस्तीच्या राज्यात कलावंतांची हजेरी, पगार, रजा या गोष्टी कागदावर आल्या. खाँसाहेबांनी रजेचा अर्ज करायचा, हे दृश्य आज गमतीचं वाटतं. ज्यांना तो करावा लागला त्यांना ते गमतीचं वाटलं नसणार. याच बडोद्यात १८८६ साली मौलाबख्श (१८३३–१८९६) यांच्या हाताखाली गायनशाळा सुरू झाली. मौलाबख्श उत्तरेचे, पण म्हैसूरला जाऊन कर्नाटक संगीतही शिकलेले. त्यांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती तयार केली आणि पाठ्यपुस्तकं छापली. वर्ग, वेळापत्रक, पुस्तक, परीक्षा आणि पगारी शिक्षक, आजच्या विभागात दिसणारं बहुतेक सामान तिथे हजर आहे. हीच शाळा पुढे वाढत वाढत महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या संगीत महाविद्यालयात पोचली. तेव्हा आपल्याकडच्या संगीत-प्राध्यापकाला मूळपुरुष हवाच असेल तर मी मौलाबख्शांचं नाव घेईन. मराठीत ते फारसं घेतलं जात नाही, कारण पुढचे दोन विष्णू इतके मोठे निघाले की त्यांच्या आधीचं सगळं झाकलं गेलं.

त्या दोघांकडे जाण्यापूर्वी मुंबई-पुण्यात डोकावायला हवं. मुंबईत १८७० साली पारशी गायन उत्तेजक मंडळी निघाली, पुण्यात १८७४ साली गायन समाज. दोन्हीकडे येणारी माणसं वकील, सरकारी नोकर, व्यापारी. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर यायचं, तासभर शिकायचं, घरी जायचं. नीट पाहिलं तर इथे एक उलथापालथ झालेली दिसते. पूर्वी शागीर्द गुरूच्या दारात बसून असे. आता गुरू शिष्यांच्या सोयीने, शिष्यांनी ठरवलेल्या जागी आणि ठरवलेल्या वेळी येऊ लागला, आणि महिन्याच्या शेवटी त्याच शिष्यांच्या कमिटीकडून पैसे घेऊ लागला. वर्गातल्या संगीत शिक्षकाची जी एक दबलेली, जरा उपऱ्यासारखी जागा आजही कॉलेजच्या स्टाफरूममध्ये असते, तिची सुरुवात बहुधा इथेच झाली. भास्करबुवा बखल्यांसारखा अस्सल गवईसुद्धा काही काळ धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात गाण्याचा मास्तर होता. शाळामास्तर होणाऱ्या मुलांना भास्करबुवा सूर लावायला शिकवतायत, हे चित्र डोळ्यांपुढे आणलं की हसू येतं आणि त्या मुलांचा हेवाही वाटतो.

विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले, उपचारासाठी मिरजेला आणलं, आणि वाचता येत नाही तर गाणं तरी शिकू दे म्हणून बाळकृष्णबुवांकडे घातलं. १८९६ साली ते मिरज सोडून निघाले आणि फिरत फिरत लाहोरला पोचले. तिथे ५ मे १९०१ रोजी त्यांनी गांधर्व महाविद्यालय उघडलं. कुणा महाराजाच्या खजिन्यावर नव्हे, लोकांच्या वर्गणीवर आणि फीवर. जाहिरात केली, नियतकालिक काढलं, पुस्तकं छापली. गाण्याभोवतीची कोठ्याची आणि दारूची बदनामी पुसायची म्हणून भजनावर भर दिला, विद्यार्थ्यांना कडक शिस्त लावली. हे सगळं बहुतेकांना ठाऊक असतं. मला त्यातला एक भाग फार महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे उपदेशक वर्ग.

फी भरून येणारे विद्यार्थी एकीकडे, आणि उपदेशक वर्गाची मुलं दुसरीकडे. या मुलांना राहणं-जेवण-शिक्षण मोफत. पालकांनी मात्र मुलगा नऊ वर्षं इथेच राहील असं लिहून द्यायचं. सकाळी स्वतः शिकायचं, मग खालच्या वर्गांना शिकवायचं, वाद्यं दुरुस्त करायची, दौऱ्यावर पलुस्करबुवांच्या मागे तंबोरा धरून बसायचं. नऊ वर्षांनी बाहेर पडायचं ते कुठल्याशा गावात जाऊन विद्यालय काढायला. म्हणजे बाकी सगळी जुनीच गुरुगृही शागिर्दी. फरक एवढाच की मुदत ठरलेली आणि शेवटी गवई नव्हे, शिक्षक व्हायचं हेही ठरलेलं. आपल्याला तानसेन नव्हे, कानसेन घडवायचे आहेत, अशा अर्थाचं बुवांचं बोलणं लोक अजून सांगतात. ऐकणारे घडवायचे तर गावोगाव शिकवणारे हवेत, आणि ते तयार करायचा हा कारखाना. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बा. र. देवधर ही त्यातून बाहेर पडलेली नावं. त्यांतले कित्येक मोठे गवईही झाले, तो जमाखर्चातला वरचा आकडा. मूळ हिशेब शिक्षकांचा होता.

मुंबईत १९०८ साली शाखा आली, सँडहर्स्ट रोडला इमारत उभी राहिली, ती कर्जात बुडाली आणि लिलावात गेली. १९३१ साली मिरजेत बुवा गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस शिष्यांनी अहमदाबादेत गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं, आणि प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशी परीक्षांची शिडी देशभर लागली. इमारत गेली, परीक्षा राहिली.

दुसरे विष्णू वकील. विष्णु नारायण भातखंडे वाळकेश्वरला जन्मले (१८६०), एल्‌एल. बी. झाले, काही काळ वकिली केली, आणि संध्याकाळी गायन उत्तेजक मंडळीत जाऊन शिकले, मग शिकवूही लागले. तेही त्या ऑफिस सुटल्यावर येणाऱ्यांपैकीच. फरक हा की ते साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी तशी खाँसाहेबांची घेत. देशभर हिंडून त्यांनी चिजा लिहून घेतल्या, जुने संस्कृत ग्रंथ आताच्या रागांशी जुळतात का ते पडताळलं, आणि बहुतेक ठिकाणी जुळत नाहीत असं स्पष्ट लिहिलं. त्यांची ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ मराठीत आहे आणि गुरु-शिष्यांच्या संवादात आहे. संगीताचा एवढा मोठा शास्त्रग्रंथ वर्गातल्या प्रश्नोत्तरांसारखा लिहिला गेला, हे मला अपघाताचं वाटत नाही. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वर्गच होता.

१९१६ साली बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरली. राष्ट्रीय पातळीवरची संगीत संस्था काढायचं स्वप्न तिथून पुढच्या परिषदांत फिरत राहिलं आणि शेवटी १९२६ साली लखनौला, गव्हर्नर मॅरिस यांच्या नावाने, मॅरिस कॉलेज उभं राहिलं. तत्पूर्वी ग्वाल्हेरला १९१८ साली माधव संगीत महाविद्यालय निघालं होतं. त्यासाठी ग्वाल्हेरचे काही जाणते गवई मुंबईला भातखंड्यांकडे शिकायला पाठवले गेले होते. पुढे तिथले प्राचार्य झालेले राजाभैया पूछवाले त्यांतलेच. गाणं त्यांना येतच होतं. शिकायचं होतं ते लिहायला आणि वर्गात शिकवायला. सेवेतल्या शिक्षकांना प्रशिक्षणाला पाठवायची आजची रीत म्हणजे या प्रकाराचं नातवंडच, फक्त तेव्हा उपयोग झाला.

मॅरिस कॉलेजाला प्राचार्य मिळाले श्रीकृष्ण ऊर्फ अण्णासाहेब रातंजनकर. मुंबईचे, बी. ए. झालेले, भातखंड्यांचे पट्टशिष्य. पण भातखंड्यांनी त्यांना केवळ आपल्या पद्धतीवर ठेवलं नाही, बडोद्याला फैयाझ खाँसाहेबांकडे धाडलं. कॉलेजच्या अभ्यासक्रमाचा जनक आपल्या लाडक्या शिष्याला मात्र घराण्याच्या उस्तादाकडे पाठवतो. कॉलेजात काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे भातखंड्यांना त्यांच्या टीकाकारांच्या आधी कळलं होतं. रातंजनकरांनी तेच चालू ठेवलं. बैलहोंगलचा कृष्ण गिंडे अकरा वर्षांचा असताना लखनौला त्यांच्या घरी राहायला आला. दिवसा कॉलेज, उरलेला वेळ घरी अण्णासाहेबांचं गाणं कानांवर. के. जी. गिंडे, एस. सी. आर. भट, दिनकर कैकिणी, चिदानंद नगरकर ही मंडळी मॅरिस कॉलेजची म्हणून ओळखली जातात. ती अण्णासाहेबांच्या घरची होती असं म्हटलं तरी चालेल. आणि यांतले जवळजवळ सगळे पुढे कुठे ना कुठे शिकवत राहिले.

दोन विष्णूंनी एक भांडण मागे ठेवलं, ते आजच्या प्राध्यापकाला फळ्यावर भोगावं लागतं. कागदावर ‘म’ लिहा आणि डोक्यावर एक उभी रेघ द्या. भातखंड्यांच्या पद्धतीत हा तीव्र मध्यम झाला. पलुस्करांच्या पद्धतीत तोच तार सप्तकातला शुद्ध मध्यम. आता ‘नि’ लिहून त्याच्या डोक्यावर टिंब द्या. भातखंडे म्हणणार, वरच्या सप्तकातला निषाद. पलुस्कर म्हणणार, खालच्या. समेला एकाची फुली, दुसऱ्याचा एकचा आकडा. खालीला एकाचं शून्य, दुसऱ्याचं अधिक. गांधर्व मंडळाच्या परीक्षा देत लहानाची मोठी झालेली मुलगी एम. ए.ला येते, भातखंडे पद्धतीतलं बंदिशीचं पुस्तक उघडते आणि तारेत जायच्या जागी मंद्रात जाते. वर्गात हशा पिकतो. शिक्षक दोन्ही चिन्हं फळ्यावर शेजारी शेजारी काढतो आणि दरवर्षी त्यात एक तास जातो. परीक्षेत मात्र हमखास प्रश्न येतो: दोन्ही पद्धतींची तुलना करा, दहा गुण.

या सगळ्या घडामोडीत कोण बाहेर राहिलं, हेही सांगायला हवं. ज्यांच्याजवळ विद्या होती ते खाँसाहेब, आणि गोव्याच्या कलावंत घराण्यांतल्या बायका, यांच्यापैकी फार थोड्यांना ही नवी खुर्ची मिळाली. खुर्चीसाठी लिहिता येणं लागे, पुढे पदवी लागली, आणि ‘चांगल्या घरच्या’ मुलींचे पालक निश्चिंत व्हावेत असा चेहरा लागला. ती मिळाली बहुतांशी शिकलेल्या पांढरपेशा घरांतल्या माणसांना. विद्या एका घरातून घेतली आणि नोकरी दुसऱ्या घरात गेली. पलुस्कर-भातखंड्यांच्या कामाचा आदर ठेवूनही हे नाकारता येत नाही. मोगूबाई कुर्डीकरांनी आयुष्यभर शिकवलं, ते घरी.

स्वातंत्र्यानंतर सरकारी विद्यापीठांनी दारं उघडली. बनारस हिंदू विद्यापीठात १९५० साली ओंकारनाथ ठाकूर संगीत महाविद्यालयाचे प्रमुख झाले. १९५६ साली खैरागढच्या राजा-राणीने आपल्या दिवंगत मुलीच्या नावाने राजवाडा दिला आणि तिथे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू झालं. रातंजनकर पुढे तिथे कुलगुरू होते. दिल्ली विद्यापीठात संगीताची स्वतंत्र विद्याशाखा आली आणि तिथे सुमती मुटाटकर अधिष्ठाता झाल्या. त्याही रातंजनकरांच्याच शिष्या. आकाशवाणीचं खातं तेव्हा मंत्री बाळकृष्ण केसकरांकडे होतं. त्यांनी कलावंतांच्या चाचण्या लावल्या आणि चाचणी मंडळाच्या खुर्चीवर बसवलं रातंजनकरांना. आयुष्यभर मैफली गाजवलेल्या गवयाला कॉलेजचा प्राचार्य परीक्षा घेऊन दर्जा देणार! अनेक कलावंत खवळले, आणि ते स्वाभाविक होतं. ऐंशीएक वर्षांपूर्वी कमिटीकडून पगार घेणारा मास्तर आता कमिटीत जाऊन बसला होता.

मुंबई विद्यापीठाने १९६८ साली संगीत केंद्र काढलं तेव्हा अशोक दा. रानडे पहिले संचालक झाले. ते देवधरांकडे आणि गजाननबुवा जोशींकडे शिकलेले, त्यामुळे गाणं होतंच. पण त्यांनी प्राध्यापकाच्या कामाचा अर्थच रुंद केला. लोकसंगीत, रंगभूमीचं संगीत, आवाजाची मशागत, संगीताचं सौंदर्यशास्त्र हे सगळं त्यांनी मराठीत आणि इंग्रजीत, वर्गात आणि वर्गाबाहेर बोलण्याजोगं केलं. गाणारे त्यांच्याहून मोठे पुष्कळ झाले. गाण्याविषयी नेमकं बोलता येणारे मात्र त्यांच्या तोडीचे अजून बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. या पदाचं सर्वांत चांगलं रूप मला त्यांच्यात दिसतं, गवई घडवण्याच्या भानगडीत न पडता संगीताला विचार करायला लावणारा माणूस.

गवई-प्राध्यापकही झाले, नाही असं नाही. प्रभा अत्रे विज्ञानाच्या आणि कायद्याच्या पदवीधर, तालीम सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकरांची, डॉक्टरेट सरगमवर; १९७९ ते १९९२ त्या एसएनडीटी विद्यापीठाच्या संगीत विभागाच्या प्रमुख होत्या. पण त्या विद्यापीठात येताना गायिका म्हणून आल्या. उलट दिशेने गेले उल्हास कशाळकर: पांढरकवड्याचे, नागपूर विद्यापीठातून एम. ए.ला पहिले आलेले, आणि त्यानंतर मुंबईला राम मराठे आणि गजाननबुवांसमोर नव्याने बसलेले. विद्यापीठाने त्यांना गवई केलं नाही हे खरं. पण कुणाकडे जाऊन काय मागायचं हे कळण्याइतकं शहाणं केलं असेल, तर तेही काही कमी नव्हे. पुढे ते कोलकात्याच्या आयटीसी संगीत रिसर्च अकादमीत गुरू झाले. तिथे पदवी नाही, गुरूचं घर आहे आणि शिष्यवृत्ती आहे. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ साली सुरू झालं तेही याच विचाराने, पदवी विद्यापीठाची आणि तालीम गुरूची, अशी वाटणी करून. कॉलेजात काय बसत नाही हे रातंजनकरांच्या घरात जे स्पष्ट होतं, ते नियमात लिहायला साठ वर्षं लागली.

आता आजचं. साहाय्यक प्राध्यापक व्हायचं तर पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के, आणि नेट किंवा सेट, किंवा पीएच. डी. नेटमध्ये दोन पेपर मिळून १५० प्रश्न, सगळे पर्यायी, संगणकावर. त्यात एकदाही तोंड उघडावं लागत नाही. भातखंड्यांचा कोणता ग्रंथ आधी आणि कोणता नंतर, हे आलं की गुण. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत दुसरंही दार आहे: नामवंत गुरूकडे शिकलेला, आकाशवाणीचा ‘ए’ श्रेणीचा, सप्रयोग शिकवू शकणारा कलावंत या दाराने येऊ शकतो. आणि २०२२ साली पदवीविना अनुभवी व्यावसायिकांना ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ म्हणून घेण्याची सोय झाली, फार तर चार वर्षांसाठी. म्हणजे या वाटेने खाँसाहेबांना आता आत येता येतं, फक्त राहता येत नाही.

नोकरी लागली की आठवड्याला १६ तासांचा कार्यभार. त्यातल्या एका तासिकेचं गणित करून पाहावं. घंटा होते, मुलं येतात, हजेरी होते. तंबोरा गवसणीतून निघतो. एसी नसलेल्या खोलीत पावसाळ्यात खर्जाची तार उतरलेली असते. जोडीच्या तारा जुळवताना शेजारच्या खोलीतून अर्थशास्त्राच्या सरांचा आवाज येतो. चांगला शिक्षक असेल तर तो जुळवण्यात दहा-बारा मिनिटं जाऊ देतो आणि मुलांकडून जुळवून घेतो, कारण तोच धडा असतो. घाईचा असेल तर फोनवर इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावतो. मग वीस मुलं एका पट्टीत बसत नाहीत; मुली काळी चार मागतात, मुलगे पांढरी एक. मधल्या कुठल्यातरी पट्टीत सगळ्यांना सारखीच अडचण करून बंदिशीची अस्ताई सुरू होते, आणि अंतऱ्याला हात घालेपर्यंत घंटा.

विदर्भात बी. ए.ला संगीत हा विषय असलेली कॉलेजं पुष्कळ आहेत. तिथे तालुक्याच्या गावात, भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्याची मुलगी तीन वर्षं यमन, भूप, बागेश्री शिकते. ती गवई होत नाही. पुढे कुठल्याशा शाळेत ती स्वागतगीतं बसवते, गणपतीत स्पर्धेची परीक्षक होते, आणि रेडिओवर मारवा लागला तर हातातलं काम थांबवते. पलुस्करांना जे हवं होतं ते नेमकं हेच होतं, आणि ते घडवणाऱ्या प्राध्यापकाला कुणी शाल देत नाही.

शाल राहू द्या, पद तरी भरावं. कित्येक जागा तासिका तत्त्वावर चालतात. तासाला ठरलेले पैसे, सुट्टीत काही नाही, पुढच्या वर्षी बोलावणं येईल की नाही ते ठाऊक नाही. बिदागीचीच पद्धत, फक्त शालजोडी वजा जाता. आणि तबल्याच्या साथीदाराची अवस्था याहून वाईट. त्याला प्राध्यापकाची श्रेणी नाही, त्याच्या बोटांची झीज कार्यभारात मोजत नाहीत, आणि तो निवृत्त झाला की त्याची जागा सर्वांत आधी गोठते. मग विभागप्रमुख दरवर्षी साथीदाराची मागणी टाइप करून वर पाठवतात, उत्तर येईपर्यंत फोनवरच्या ॲपमध्ये तीनतालाची लय लावतात आणि द्रुत बंदिश शिकवायला घेतात.